दशमीपासून दह्यापर्यंत: अंगावर पाजताना बंद केलेलं दूध परत कसं सुरू करायचं

बाळ सात आठवड्यांचं असताना लंगोटात रक्ताच्या दोन बारीक रेषा दिसल्या, सोबत शेंबडासारखा चिकटा. बाळ मजेत होतं आणि वजनही वाढत होतं. डॉक्टरांनी शीच्या जागी चीर आहे का पाहिलं. माझ्या स्तनाग्राला भेग आहे का, तेही विचारलं, कारण तिथलं रक्त गिळलं गेलं तरी शीत दिसतं. मग म्हणाले, "तुम्ही गाई-म्हशीचं दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ बंद करा. तीन आठवड्यांनी भेटू." चौथ्या दिवशी रेषा गेल्या.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. बंद करायला सगळे सांगतात, परत सुरू करायला कोणी सांगत नाही. दूध गेलं. मग शेजारच्या काकू म्हणाल्या म्हणून शेंगदाणे गेले, आत्या म्हणाल्या म्हणून तूरडाळ आणि हरभरा डाळ गेली, आणि शेवटी माझ्याच भीतीनं गहू आणि अंडी गेली. बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा मी भात, मुगाचं वरण आणि दुधी यांवर दिवस काढत होते. हा लेख त्या जागी अडकलेल्या बायांसाठी आहे.

आधी हे घरी करायचं की नाही ते ठरवा

पुढचं सगळं अशा बाळांसाठी आहे ज्यांचा त्रास उशिरा आणि हळू दिसतो: शीत रक्ताच्या रेषा, चिकटा, पातळ शी, वाढलेली चिडचिड. आई दूध प्यायली आणि परिणाम काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी दिसला, असा प्रकार. बाळाचं वजन नीट वाढत असलं पाहिजे.

खालीलपैकी काहीही आधी झालं असेल तर घरी प्रयोग करू नका, डॉक्टरांसमोर करा. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा डोळे सुजणं, खोकला, घरघर. एक ते चार तासांत एकामागून एक उलट्या होऊन बाळ पांढरंफटक आणि मलूल पडणं. वजन न वाढणं. औषधानं न आटोपणारा मोठा इसब. श्वासाचा त्रास झाला किंवा बाळ एकदम ढिलं पडलं तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

आणखी एक. बाळाच्या शीत पहिल्यांदाच रक्त दिसलं असेल तर आधी दवाखाना, आहार नंतर. रक्त येण्याची कारणं बरीच असतात आणि त्यातली काही घाईची असतात.

अंगावरच्या दुधात काय उतरतं

आईनं खाल्लेल्या प्रथिनांचे अगदी सूक्ष्म अंश तिच्या दुधात येतात. गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन मानवी दुधात मुळात नसतं, त्यामुळे ते सापडलं की आईच्या जेवणातून आलंय हे कळतं. प्रमाण असतं मिलिलीटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, आणि तेही सगळ्याच बायांच्या दुधात सापडत नाही. म्हणून बहुतेक बाळांना काहीच होत नाही, आणि होतं त्यांचंही सहसा वर्षभरात निवळतं.

यातून दोन गोष्टी निघतात. वातूळ पदार्थांची भीती सोडून द्या. हरभऱ्याच्या डाळीनं तुमच्या पोटात वायू होईल, तो दुधात उतरत नाही. आणि लॅक्टोजचा इथे काही संबंध नाही. लॅक्टोज ही साखर आहे, ती तुमच्या दुधात तुम्ही काहीही खाल्लं तरी असणारच. भांडण प्रथिनाशी आहे. म्हणून लॅक्टोज-फ्री दूध, ए-टू दूध, देशी गाईचं दूध, म्हशीचं दूध यांपैकी कशानंही काम होत नाही. शेळीचं दूध घे असा सल्ला मला किमान चार जणींनी दिला. शेळीच्या आणि गाईच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईचं न सोसणाऱ्या बहुतेक बाळांना शेळीचंही सोसत नाही.

पहिली परत: निदान पक्कं करायला

ही पायरी जवळपास सगळ्या जणी टाळतात, मीही टाळली. दूध बंद करून दोन ते चार आठवडे झाले आणि बाळ बरं झालं की दूध एकदा मुद्दाम परत घ्यायचं असतं. त्रास परत आला तरच ते दुधामुळे होतं हे ठरतं. शीतलं रक्त पुष्कळदा आपोआपही थांबतं, आणि मग श्रेय मात्र चहा सोडल्याला जातं. परत घेतलंच नाही, तर ज्या कारणासाठी वर्षभर दही सोडलं ते कारण मुळात नव्हतंच, असंही होऊ शकतं.

पद्धत सोपी आहे. आठवडाभरात हळूहळू आपल्या नेहमीच्या प्रमाणावर यायचं: पहिल्या दिवशी अर्धा कप चहा, मग पूर्ण, मग दही, मग ग्लासभर दूध. आठवडा निर्विघ्न गेला तर दुधाची ॲलर्जी नाही, नेहमीसारखं खा. त्रास परतला तर दूध पुन्हा बंद करा. मग ते साधारण सहा महिने, किंवा बाळ नऊ ते बारा महिन्यांचं होईपर्यंत बंद ठेवतात. नेमकं किती, हे डॉक्टरांशी ठरवा, कारण सौम्य त्रासात काही डॉक्टर लवकरही परत सुरू करायला सांगतात.

मध्ये कुणी रक्ताची किंवा त्वचेची चाचणी सुचवली तर विचारून घ्या ती कशासाठी. उशिरा दिसणाऱ्या या प्रकारात त्या चाचण्या बहुधा काही दाखवत नाहीत. एकदम पुष्कळ पदार्थांसाठी करतात त्या आयजीजी नावाच्या महागड्या रक्तचाचणीवर तर पैसे घालूच नका.

दुसरी परत: आधी कोणता पदार्थ

एकाहून जास्त पदार्थ बंद असतील तर ज्याच्यावर संशय सगळ्यात कमी, तो आधी. माझ्या यादीत तूरडाळ आणि हरभरा डाळ पहिल्या आल्या, मग गहू, मग शेंगदाणे, मग अंडी, शेवटी दूध. याचा फायदा पहिल्या आठवड्यातच कळला. पोळी परत आली आणि दूध सोडून राहणं एकदम सुसह्य झालं. ऐकीव माहितीवर बंद केलेले पदार्थ तर पायऱ्या न पाडता सरळ जेवणात घ्या. फक्त एका वेळी एकच.

सुरू कधी करायचं नाही तेही बघा. लसीच्या आठवड्यात नाही. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना रोटाव्हायरसचे थेंब मिळतात, त्यानंतर शी पातळ होऊ शकते. बाळाला सर्दी-ताप, तुम्हाला किंवा बाळाला अँटिबायोटिक चालू, नव्यानं सुरू केलेले लोहाचे थेंब (शी काळपट-हिरवी होते), दात, प्रवास, घरात लग्न: यातलं काही असेल तर आठवडा पुढे ढकला. आणि रविवारी सुरू करू नका. सोमवार किंवा मंगळवारची सकाळ बरी, डॉक्टर फोनवर सापडतात.

वही

सुरू करण्याआधी तीन दिवस काहीही न बदलता नुसतं लिहा. दिवसात शी किती वेळा, रंग, चिकटा आहे का, झोप, रडण्याची वेळ, त्वचा. हे तीन दिवस नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं, कारण चांगल्या बाळाच्याही शीचा रंग रोज बदलतो. एक हिरवी शी म्हणजे ॲलर्जी नव्हे. शंका आली तर उजेडात फोटो काढा. फोटो बघवत नाही म्हणून घरचे नाक मुरडतील, पण डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा फोटोतून जास्त कळतं.

नोंद तुमच्या जेवणाचीही ठेवा, आणि खरी ठेवा. देवळातला पेढा आणि बारशाचं केशरी दूध त्यात आलं पाहिजे.

दुधाच्या पायऱ्या

ब्रिटनमधल्या बालरोग आणि आहारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये दुधाची एक शिडी प्रसिद्ध केली. आधी तिला बारा पायऱ्या होत्या, २०१७ मध्ये त्या सहा केल्या: बिस्किट, मफिन, पॅनकेक, चीज, दही, दूध. ती मुलांनी स्वतः खाण्यासाठी आहे, आईसाठी नाही. पण तिच्यामागचं तत्त्व आईलाही उपयोगी पडतं. पिठात मिसळून बराच वेळ भाजलेल्या दुधातल्या काही प्रथिनांचा आकार उष्णतेनं बदलतो आणि ती सोसायला सोपी जातात. जसजसं भाजणं कमी आणि दूध जास्त, तसतशी पायरी वरची. खाली आपल्या स्वयंपाकघरातली शिडी देते. प्रत्येक पायरीवर तीन दिवस, आणि रोज खायचं.

एक: दूधपावडर घातलेलं साधं बिस्किट. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार.

दोन: दूध घालून भाजलेला साधा केक, एक मोठा तुकडा. अंडी बंद असतील तर बिनअंड्याचा.

तीन: दशमी. दुधात कणीक भिजवून केलेली ही पोळी पॅनकेकच्या जागी चपखल बसते. पातळ लाटा, दोन्ही बाजूंनी नीट भाजा, आणि पाणी न घालता फक्त दुधात भिजवा, म्हणजे प्रमाण कळतं. रोज दोन.

चार: दुधाचा चहा, उकळलेला. शिडीत चहाला जागा नाही, ती मी दिली. पाच महिने काळा चहा प्यायलेल्या बाईला हे समजेल. दिवसात एक कप, मग दोन.

पाच: पनीर, भाजीत शिजवलेलं. साधारण पन्नास ग्रॅम.

सहा: दही, ताक, कढी. अर्धी वाटी दह्यापासून पूर्ण वाटीपर्यंत. या पायरीवर मी आठवडाभर थांबले, कारण इथून प्रमाण एकदम वाढतं.

सात: ग्लासभर दूध, श्रीखंड, बासुंदी, पेढे. तुम्ही पूर्वी जितकं खात होता तितकं.

तूप या शिडीत नाही. नीट कढवलेल्या साजूक तुपात प्रथिन नावापुरतंच उरतं, पण घरच्या तुपात तळाची बेरी येते आणि बेरी म्हणजे दुधाचा घन भागच. बाळ फार संवेदनशील असेल तर तूपही बंद केलेलं असतं, तेव्हा गाळलेल्या तुपानंच सुरुवात करा, बिस्किटाच्या आधी.

त्रास दिसला तर

डोळ्यांना दिसणारं रक्त आलं, किंवा चिकटा आणि चिडचिड दोन दिवस टिकली, तर ती पायरी सोडा आणि आधीच्या पायरीवर या. सगळं बंद करू नका. दशमीवर बाळ ठीक असेल आणि चहावर नाही, तर दशमी खात राहा आणि महिन्याभरानं चहा पुन्हा करून बघा. मला पनीरवर मागे यावं लागलं, दोनदा. तिसऱ्या वेळी पनीर, दही, दूध तिन्ही पायऱ्या अडथळ्याशिवाय गेल्या, बाळ तेव्हा दहा महिन्यांचं होतं.

पाजणं थांबवू नका. दूध पिळून फेकून देण्याचीही गरज नसते. प्रथिनाचे अंश काही तासांत ते थोड्या दिवसांत आपोआप कमी होतात. रक्त जास्त असेल, परत परत येत असेल, बाळ पीत नसेल किंवा पोट फुगून ताठ झालं असेल तर मात्र डॉक्टरांकडे जा.

फक्त चिडचिड दिसली आणि शी नेहमीसारखी आहे, तर दोन दिवस थांबून बघा. लहान बाळं संध्याकाळी रडतात. मी चौथ्या महिन्यात एका रडक्या संध्याकाळीवरून अंडी बंद केली आणि पुढे तीन महिने घाबरून परत घेतली नाहीत. वहीत मागे जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, त्या दिवशी बाळ दुपारी झोपलंच नव्हतं.

शेंगदाणे, अंडी, मासे, सोया

शेंगदाण्याला पायऱ्या नाहीत. भाजल्यानं त्याची ॲलर्जी करण्याची ताकद कमी होत नाही, त्यामुळे दुधाचं तत्त्व इथे लागू पडत नाही. प्रमाण वाढवायचं इतकंच: एक चमचा कूट कोशिंबिरीत, मग दोन, मग साबुदाण्याची खिचडी. बंद असताना तेलाकडे लक्ष द्या. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास नसतं, घाण्याच्या तेलात असतं.

अंड्याला पायऱ्या आहेत: केक, मग पूर्ण उकडलेलं, मग आमलेट, शेवटी हाफ फ्राय.

कोकणात आणि गोव्यात सगळ्यात आधी मासे बंद करायला सांगतात, आणि बहुतेक वेळा कारण नसताना. बंद केलेच असतील तर मासा आणि कोळंबी हे दोन वेगळे पदार्थ माना, त्यांची ॲलर्जी करणारी मुख्य प्रथिनं वेगळी आहेत. बांगड्याचे तीन दिवस झाले की कोळंबीचे तीन दिवस. सुकट सगळ्यात शेवटी, त्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही.

दूध न सोसणाऱ्या काही बाळांना सोयाही सोसत नाही, म्हणून दोन्ही बंद करायला सांगतात. परत आणताना सोया वेगळा, दूध वेगळं. रिफाइंड सोयाबीन तेलानं सहसा काही होत नाही. सोया लपतो तो मल्टिग्रेन आट्यात आणि पावात.

पाकिटावर भारतात २०२० च्या नियमांनुसार दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोया, ग्लुटेनची धान्यं यांची ॲलर्जीची सूचना द्यावी लागते, घटकांच्या यादीजवळच ती असते. हिरव्या खुणेवर दुधासाठी भरवसा ठेवू नका, दूध शाकाहारातच मोडतं. अंड्यासाठी मात्र ती खूण कामाची, कारण अंड्याच्या पदार्थावर तपकिरी खूण असते. यादीत व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स दिसलं की दूध आहे. तिळाचं नाव त्या सक्तीच्या यादीत नाही, तेव्हा तीळ बंद असतील तर सगळे घटक वाचा.

तोवर तुमच्या हाडांचं काय

पाजणाऱ्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे सांगतात. दूध बंद असताना ते जेवणातून पूर्ण होणं कठीण आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम मिळतं, म्हणून सकाळी नाचणीची पेज आणि रात्री भाकरी. तीळ त्याहून खूप श्रीमंत आहेत, चटणीत घाला. पण गोळी लागतेच. सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर सहा महिने ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात, त्या मागून घ्या. लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नका, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा.

बाळंतिणीच्या खाण्यात बिनदुधाचं पुष्कळ आहे. ओलं खोबरं आणि गुळातले अळिवाचे लाडू चालतात. अळिवाची खीर नारळाच्या दुधात करा. शतावरीचा कल्प पाण्याबरोबर घ्या. डबाबंद 'मदर्स' पावडरी मात्र बहुतेक दूधपावडरीच असतात. सासूबाई प्रेमानं रोज एक पेला आणून ठेवत, आणि डबा वाचायचं मला दोन आठवडे सुचलं नाही.

बाळाच्या ताटात

तुम्हाला दही सोसलं म्हणजे बाळाला वाटीतलं दही सोसेलच असं नाही. दुधातून जायचे ते अब्जांश, आणि चमचाभर दह्यात ते प्रथिन त्याच्या कितीतरी पट. बाळासाठी तीच शिडी बिस्किटापासून नव्यानं सुरू करावी लागते, आणि कधी, हे डॉक्टर सांगतील.

सहाव्या महिन्यात उष्टावण येतं आणि आजी चांदीच्या वाटीत खीर घेऊन उभी असते. दूध अजून शिडीवर असेल तर खीर नारळाच्या दुधात करा किंवा मऊ भात आणि मुगाचं वरण चाटवा, हे आधीच घरात बोलून ठेवा. त्या दिवशी पन्नास माणसांसमोर नकार देणं फार कठीण जातं.

पण ज्या पदार्थांवर संशय नाही ते बाळाला उशिरा देऊ नका. लंडनमधल्या लीप अभ्यासात, २०१५ मध्ये, असं दिसलं की जास्त धोका असलेल्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यान शेंगदाणा सुरू करून नियमित दिला तर पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी झाली. मोठा इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाला तो देण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो. बारीक वाटलेलं कूट पेजेत कालवून, सकाळी, पाव चमचा. नंतरचे दोन तास बाळ डोळ्यासमोर ठेवा. एकदा सोसलं की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा.

पाळणाघरात जाणार असेल तर कोणती पायरी चालू आहे ते कागदावर लिहून फळीवर चिकटवा: 'केक चालतो, दही नाही.' पायरी बदलली की कागदही बदला. तोंडी सांगितलेलं तिथे दुसऱ्या पाळीच्या मावशींपर्यंत पोचत नाही.